चित्र वाटेत बिघडतं

पुण्यात टीव्ही आला तो सिंहगडावरून. २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबईत वरळीचं केंद्र सुरू झालं आणि १९७३ मध्ये सिंहगडावर सहक्षेपण केंद्र उभं राहिलं. मुंबईचा कार्यक्रम गडावर उतरायचा आणि तिथून पुण्यावर पसरायचा. गड समुद्रसपाटीपासून तेराशे मीटरवर, शहर साडेपाचशेच्या आसपास. इतक्या उंचीवरून येणारी लहर शहरात जोमाने पोचायची. सत्तरच्या दशकात कुठल्याही गच्चीवर उभं राहिलं, की शेजारपाजारचे सगळे अँटेना नैर्ऋत्येला तोंड करून उभे दिसत.

मी आयटीआयमधून रेडिओ-टीव्हीचा कोर्स करून बुधवार पेठेतल्या एका दुरुस्तीच्या दुकानात लागलो, तेव्हा दुकानात रेडिओ जास्त आणि टीव्ही थोडे होते. आमचे मालक व्हॉल्व्हच्या रेडिओवर हात बसलेले गृहस्थ. टीव्ही नीट दिसत नाही अशी तक्रार आली, की ते मागचं झाकण उघडायच्या आधी जिना चढायचे. गिऱ्हाईक म्हणायचं, "अहो, टीव्ही खाली आहे." मालक म्हणायचे, "आधी वर बघू." त्या वेळी टीव्ही म्हणजे घरातली सगळ्यात महाग वस्तू, शटरच्या लाकडी पेटीत बसवलेली, वर भरतकामाचा रुमाल. ती उघडून आत स्क्रू ड्रायव्हर घालणारा माणूस घरच्यांना नको असायचा आणि नव्वद टक्के वेळा त्याची गरजही नसायची. माझ्या सगळ्या व्यवसायाचं सार त्या जिन्यात आहे असं मला वाटतं. दोष पडद्यावर दिसतो, पण तो असतो वाटेत. अँटेनाच्या काळात हे खरं होतं, केबलच्या काळात खरं होतं आणि सेटटॉप बॉक्सच्या काळात तर फारच खरं आहे. तरी शिव्या कायम टीव्हीलाच बसल्या.

अँटेना म्हणजे यागी-उदा. जपानातल्या सेंडाई इथल्या विद्यापीठात हिदेत्सुगु यागी आणि शिंतारो उदा या दोघांनी १९२६ च्या सुमारास मांडलेली ही रचना. आडवी एक दांडी, तिच्यावर काटकोनात फुटलेल्या फांद्यांसारख्या अ‍ॅल्युमिनियमच्या नळ्या. सगळ्यात मागची लांब नळी लहर परतवते, पुढच्या आखूड नळ्या तिला दिशा देतात आणि मधली दुमडलेली नळी खरं काम करते, कारण वायर तिलाच जोडलेली असते. नळ्यांची लांबी चॅनेलच्या लहरीवर ठरते. खालच्या पट्ट्यातल्या चॅनेलला मधली नळी दोन मीटरहून लांब लागते, वरच्या पट्ट्यात मीटरभराहून कमी पुरते. म्हणून दुसऱ्या गावाहून बदलून आलेलं कुटुंब तिथला अँटेना सामानात बांधून आणायचं आणि तो इथे चालायचा नाही. त्यांना हे पटवणं कठीण जायचं.

पुण्यात लहर जोरकस होती, त्यामुळे मुंग्या कमी असत. मुंग्या म्हणजे पडद्यावर वळवळणारे पांढरे-काळे ठिपके. लहर अशक्त झाली की त्या येतात. डोंगराच्या आडोशाला असलेल्या गावांत मुंग्यांचा त्रास, तिथे चाळीस-चाळीस फुटी पाइप आणि खांबावर बूस्टर. शहरातलं दुखणं वेगळं, ते म्हणजे सावली. बातम्या वाचणाऱ्या बाईंच्या शेजारी, पडद्यावर उजवीकडे, आणखी एक फिकट बाई. एक लहर गडावरून थेट यायची, दुसरी एखाद्या उंच इमारतीवर आपटून थोड्या उशिराने यायची. पेठांमधले वाडे पडून तिथे इमारती उभ्या राहू लागल्या तसतशा सावल्या वाढत गेल्या. काल स्वच्छ दिसणारा टीव्ही आज दुहेरी का दिसतो, याचं उत्तर पुष्कळदा दोन गल्ल्या पलीकडे चढलेल्या स्लॅबमध्ये असायचं.

मालकांनी मला सावली मोजायला शिकवलं. पडद्यावर एक रेघ डावीकडून उजवीकडे काढायला बावन्न मायक्रोसेकंद लागतात. वीस इंची टीव्हीचा पडदा साधारण चाळीस सेंटिमीटर रुंद. म्हणजे एका मायक्रोसेकंदात पाऊण सेंटिमीटर, आणि तेवढ्या वेळात लहर तीनशे मीटर जाते. सावली पाऊण सेंटिमीटर सरकलेली असेल तर परतून आलेली लहर तीनशे मीटर जास्त चालून आलेली आहे. आडवणारी इमारत आपल्या पाठीमागे, गडाच्या विरुद्ध अंगाला असेल, तर ती दीडशे मीटरवर असणार. मालक पडद्यावर अंगठा टेकवून अंतर घ्यायचे, गच्चीवर जाऊन नेमकी ती इमारत शोधायचे आणि अँटेना असा वळवायचे, की तिच्याकडून येणारी लहर त्याच्या आंधळ्या कोनात पडेल. यागीला काही कोनांतून जवळजवळ काहीच ऐकू येत नाही. त्यासाठी कधी कधी अँटेनाचं तोंड सिंहगडापासून जरा बाजूला न्यावं लागे. घरमालक खालून ओरडायचा, "वाकडा झालाय!" वाकडाच ठेवायचा असतो, हे समजायला गणित माहीत असावं लागतं. ही विद्या कुठल्या पुस्तकात मी वाचलेली नाही. ती गच्च्यांवर होती आणि गच्च्यांवरच राहिली.

वायरचीही वेगळीच तऱ्हा. सुरुवातीला चपटी, दोन तारांची पट्टी असे, तीनशे ओहमची. ती लोखंडी पाइपाला चिकटून नेली की लहर गळते, पावसात भिजली की गळते. तिला दर फुटाला एक पीळ द्यायचा आणि भिंतीपासून बोटभर दूर ठेवायची. नंतर पंचाहत्तर ओहमची गोल कोअॅक्सियल आली, टीव्हीच्या मागे छोटा बॅलन, म्हणजे दोन ओहमांची जुळणी करणारा जोड, लावून जोडायची. तपकीर गल्लीत ती रिळांवर मिळायची. स्वस्त वायरीत आतली जाळी विरळ असे, बोटांनी दाबली तरी कळायचं. गिऱ्हाइकाचे मीटरमागे वाचलेले चार आणे पुढे सहा महिने पडद्यावर दिसत राहायचे.

त्या काळी दोष कुणाचा हे कळायला एक सोय होती. मुंबई दूरदर्शनवर काही बिघडलं, की "व्यत्यय" अशी पाटी लागायची. पाटी ठसठशीत दिसली तर घरचं सगळं ठीक, भानगड वरळीला. पाटीलाच सावली असेल तर शिडी काढा. कार्यक्रम सुरू होण्याआधी लागणारं चाचणीचं चित्र तर आमचं मोजमापाचं साधन होतं. अँटेना बसवायची वेळ आम्ही त्यावर ठरवायचो.

१९८२ साली रंग आला. १५ ऑगस्टला सुरुवात झाली आणि नोव्हेंबरात दिल्लीच्या आशियाई स्पर्धांनी रंगीत टीव्हीची हाव सगळ्या देशाला लावली. आपण पाल पद्धत घेतली, जर्मनीतल्या टेलिफुंकेन कंपनीच्या वाल्टर ब्रुख यांची. तिच्यात एकाआड एक ओळीत रंगाची कला (फेज) उलटी पाठवतात, त्यामुळे वाटेत झालेल्या चुका दोन ओळींत एकमेकींना खाऊन टाकतात. अमेरिकेच्या पद्धतीत चेहरे कधी हिरवट तर कधी जांभळट व्हायचे. आपल्याकडे ते कधी झालं नाही. ही निवड फार चांगली होती, तिचं श्रेय कुणी देत नाही.

पण रंगाने जुन्या अँटेनांचं पितळ उघडं पाडलं. कृष्णधवल चित्र थोडी गळती सोसून घ्यायचं. रंगीत सेटमध्ये रंगाची खूण अशक्त झाली, की आतलं सर्किट रंगच बंद करतं आणि चित्र काळं-पांढरं दाखवतं. लोक घाबरून यायचे, "चौदा हजारांचा टीव्ही, रंग गेला!" मी गच्चीवर जायचो. बहुतेक ठिकाणी दहा वर्षांपूर्वीचा अँटेना, स्क्रूवर कीट चढलेलं, वायरचं टोक हिरवं पडलेलं. पॉलिश पेपरने घासून, टोक नवं सोलून घट्ट आवळलं, की खाली आरडाओरडा व्हायचा, आला, आला म्हणून. रामायण सुरू झालं १९८७ च्या जानेवारीत. त्यानंतर शनिवारची संध्याकाळ म्हणजे आमच्या धंद्याची सुगी. रविवारच्या सकाळी चित्र स्वच्छ हवं, हा लोकांना देवपूजेतलाच भाग वाटायचा आणि मीही ते काम त्याच भावनेने करत होतो.

मग केबल आली. सुरुवात व्हिडिओपासून झाली. एका इमारतीत एक व्हीसीआर, आणि घराघरांत वायर. खरा बदल १९९१ चा. आखाती युद्ध सीएनएनवर दिसलं, त्याच वर्षी एशियासॅट-१ उपग्रहावरून स्टारच्या वाहिन्या सुरू झाल्या, १९९२ च्या २ ऑक्टोबरला झी आली. सिंहगडाकडे बघणाऱ्या गच्च्या एकदम पाठ फिरवून पूर्व-आग्नेयेकडे बघू लागल्या. लोखंडी सांगाड्यावर अ‍ॅल्युमिनियमची जाळी ठोकलेली आठ-दहा-बारा फुटी छत्री, आडव्या क्षितिजापासून निम्म्याहून थोडी जास्त वर कललेली. ३६ हजार किलोमीटरवरून येणारी लहर साडेसात सेंटिमीटरची. छत्रीला पोचा आला की लहर एका जागी गोळा होईना.

मी तेव्हा दुकान सोडून एका केबलवाल्याकडे कामाला लागलो होतो. आमच्या कंट्रोल रूममध्ये रिसीव्हर रचलेले, प्रत्येक वाहिनीला एक. तिथून वायर निघायची ती झाडांवरून, कठड्यांवरून, नारळाच्या झावळ्यांतून. शंभर-दीडशे मीटरवर लहर थकते, तिथे अ‍ॅम्प्लिफायर. त्याला वीज कुणाच्या तरी घरातून, आणि त्या घराला केबल फुकट. अ‍ॅम्प्लिफायर लहर मोठी करतो, पण तिच्यातली खरखरही मोठी करतो आणि स्वतःची थोडी घालतो. कंट्रोल रूमच्या शेजारच्या घरात काचेसारखं चित्र आणि लाइनच्या शेवटच्या घरात मुंग्या, हे त्याचंच फळ. शेवटच्या घराचा वर्गणीचा आकडा मात्र तोच. मला ते खुपायचं.

दोष ओळखायची नवी रीत तयार झाली. मुंग्या असतील तर बिघाड केबलमध्ये, कारण तिथे लहर दूरदर्शनसारखीच धावते. चित्रावर पांढऱ्या-काळ्या ठिणग्या उडत असतील तर बिघाड छत्रीत, कारण उपग्रहाची लहर वेगळ्या पद्धतीने बांधलेली असते. आणि वरून खाली सरकणारा जाड काळपट पट्टा दिसला, की कुठल्या तरी अ‍ॅम्प्लिफायरचा वीजपुरवठा मरायला टेकला आहे. पडद्यावर काय दिसतं यावरून नेमक्या कुठल्या खांबाकडे सायकल वळवायची ते ठरायचं.

एक गोष्ट बाहेर फारशी कुणाला ठाऊक नव्हती. केबलच्या वायरीत उंच कंपनाच्या वाहिन्या जास्त लवकर थकतात, खालच्या कमी. शिवाय जुन्या टीव्हींना मोजक्याच वाहिन्या पकडता यायच्या. बाकीच्यांसाठी टीव्हीवर कन्व्हर्टरचा डबा ठेवावा लागे. आजच्या सेटटॉप बॉक्सचा तो आजोबा. खालच्या पट्ट्यातली जागा म्हणजे प्रत्येक घरात पोचणारं स्वच्छ चित्र. त्या जागेसाठी वाहिन्या पुढे केबल कंपन्यांना पैसे मोजू लागल्या. प्रेक्षक म्हणायचा, अमुक वाहिनीचं चित्र छान असतं. ते चित्र वायरीतल्या जागेचं असायचं. १९९५ साली केबलचा कायदा झाला, पण शेवटच्या घरातल्या मुंग्यांना त्यामुळे काही झालं नाही.

डिजिटल काळाची सुरुवात छोट्या छत्र्यांनी केली. २००३ मध्ये डिश टीव्ही, २००४ च्या डिसेंबरात दूरदर्शनची फुकट सेवा, २००६ मध्ये टाटा स्काय. केबलसाठी सेटटॉप बॉक्स दक्षिण मुंबईच्या काही भागात २००७ पासून सक्तीचा झाला, मुंबईसकट महानगरांत २०१२ मध्ये आणि पुण्याची मुदत होती ३१ मार्च २०१३. पुण्याबरोबर पिंपरी-चिंचवड, नाशिक, नागपूर, सोलापूर, औरंगाबाद, ठाणे, कल्याण-डोंबिवली आणि नवी मुंबई. त्या मार्चमध्ये केबलवाल्याच्या दारात रॉकेलच्या दुकानासारख्या रांगा होत्या.

मुंग्या गेल्या, सावल्या गेल्या. आकड्यांतून आलेलं चित्र एक तर पूर्ण येतं नाही तर फुटतं. चौकोन चौकोन होऊन थिजतं. लाइनच्या शेवटच्या घरालाही पहिल्या घराइतकंच चित्र मिळू लागलं, आणि माझ्या लेखी या सगळ्या बदलातला तो सर्वांत मोठा न्याय होता. पण स्वच्छ म्हणजे उत्तम नव्हे. पूर्वी जिथे एक वाहिनी मावत होती त्या आठ मेगाहर्ट्‌झच्या जागेत आता सेकंदाला सुमारे ३८ मेगाबिट जातात. त्यात बारा वाहिन्या बसवल्या तर प्रत्येकीला तीन मेगाबिट, वीस कोंबल्या तर दोनही नाहीत. निवेदक स्थिर बसलेला असतो तोवर कळत नाही. क्रिकेटचं गवत, वाहतं पाणी, गणपतीच्या मिरवणुकीतला गुलाल आला, की चित्राचा भुगा होतो. हा दोष ना टीव्हीचा, ना बॉक्सचा. तो वाहिन्यांची संख्या वाढवून दाखवण्याच्या हव्यासाचा आहे आणि त्यावर घरात काही इलाज नाही.

इलाज आहे तो दुसऱ्या दुखण्यावर, आणि गेली दहा-बारा वर्षं लोक मला त्यासाठीच बोलावतात. "काका, नवा पंचावन्न इंची आणला आणि जुन्यापेक्षा वाईट दिसतं." दिसणारच. साध्या वाहिनीचं चित्र ७२० गुणिले ५७६ ठिपक्यांचं, म्हणजे सव्वाचार लाखांच्या आत. फोर-के टीव्हीला ठिपके त्र्याऐंशी लाखांजवळ. वीस ठिपक्यांमागे एक खरा, बाकीचे टीव्हीने अंदाजाने भरलेले. जुन्या काचेच्या टीव्हीचा झोत जरा पसरट असायचा, त्यात ही गरिबी झाकली जायची. एचडी वाहिनी १९२० गुणिले १०८०ची, म्हणजे साध्याच्या पाचपट ठिपके. आपल्याकडे ती २०१० च्या सुमारास आली. त्या वर्षीच्या दिल्लीतल्या राष्ट्रकुल स्पर्धा दूरदर्शनने एचडीत दाखवल्या.

मग मी टीव्हीच्या मागे हात घालतो. एचडी बॉक्स आहे, एचडीचे पैसे दरमहा जातात आणि जोडणी पिवळ्या-तांबड्या-पांढऱ्या वायरने. पिवळ्या वायरीतून एचडी जातच नाही. बॉक्स आत आलेलं चित्र ५७६ ओळींचं करतो, रंग आणि उजेड एकाच तारेत कालवतो आणि तो काला टीव्ही पुन्हा वेगळा करू बघतो. म्हणून अक्षरांच्या कडेला मुंग्यांची रांग चालल्यासारखे ठिपके दिसतात. एचडीएमआयची वायर लावली की अर्धं काम होतं. उरलेलं बॉक्सच्या मेनूत. तिथे पुष्कळदा ५७६ ठेवलेलं असतं, ते १०८० करायचं. पडद्याचा आकार ४:३ असेल तर १६:९. टीव्हीच्या बाजूने चित्र थोडं मोठं करून कडा कापायची जुनी सवय बंद करायची. ती बंद करणाऱ्या पर्यायाला कुठे "स्क्रीन फिट", कुठे "जस्ट स्कॅन" म्हणतात. शार्पनेस शून्याजवळ आणायचा, कारण तो तपशील वाढवत नाही, फक्त कडांना पांढरी किनार लावतो. दुकानात उजेडात चमकावं म्हणून ठेवलेला "व्हिव्हिड" किंवा "डायनॅमिक" मोड काढून साधा किंवा सिनेमाचा ठेवायचा. पहिल्या दिवशी लोकांना चित्र मळकट वाटतं, आठवड्याने जुनं डोळ्यांना टोचतं.

आणि वाहिनीचा क्रमांक. एकच वाहिनी साध्या आणि एचडी अशा दोन क्रमांकांवर असते. सवयीने जुना आकडा दाबणारी घरं मी इतकी पाहिली आहेत, की आता सगळ्यात आधी तेच विचारतो.

छोटी छत्री असेल तर जूनच्या आधी गच्चीवर एक फेरी. या लहरी अडीच सेंटिमीटरच्या आसपासच्या, मुसळधार पाऊस त्यांना पितो. तेवढ्यापुरतं चित्र जाणारच. पण साध्या पावसात जात असेल तर छत्री हललेली आहे, समोरचं झाड वाढलं आहे किंवा जोडात पाणी शिरलं आहे. जोडावर रबरी टेप गुंडाळा आणि वायरीला खाली झुकलेलं एक वळण ठेवा, म्हणजे थेंब तिथून गळतो, आत उतरत नाही. मालकांनी चपट्या वायरीसाठी शिकवलेली ही युक्ती, अजून चालते. बॉक्सच्या मेनूत सिग्नलच्या दोन पट्ट्या असतात. ताकद भरपूर आणि गुणवत्ता कमी असेल, तर बूस्टर विकणाऱ्याचं ऐकू नका, जोड तपासा.

सिंहगडावरचा मनोरा पुण्यातून अजून दिसतो. दूरदर्शनने जुन्या पद्धतीची जमिनीवरची प्रक्षेपणं २०२२ च्या मार्चपर्यंत देशभर जवळजवळ सगळी बंद केली. नैर्ऋत्येला तोंड केलेले अँटेना भंगारात गेले. माझ्या हाताखाली शिकलेली पोरं आता इंटरनेटच्या फायबरचे जोड करतात, आणि तिथेही आधी टीव्हीवर संशय घेतला जातो.

घरात एचडी बॉक्स असेल, तर नवा टीव्ही घ्यायला निघण्याआधी एकदा त्याच्या मागे बघा. पिवळी वायर असेल तर काढा, एचडीएमआय लावा, मेनूत १०८० करा आणि वाहिनीचा एचडी क्रमांक दाबा. त्यासाठी मेकॅनिक बोलावायची गरज नाही.